दुसरे घर : भाड्याचा हिशेब आणि भाडेकरूची जात

बाबासाहेबांच्या राजगृहाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या जोडीने बांधलेल्या दुसऱ्या इमारतीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. १९३० च्या सुमारास त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. एकावर कुटुंबासाठी आणि ग्रंथांसाठी राजगृह उभे राहिले. दुसऱ्यावर ‘चार मिनार’ नावाची इमारत उभी राहिली, ती भाड्याने देण्यासाठी. बांधकामासाठी सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे कर्ज काढले होते. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार आणि अभ्यास करणारा माणूस कर्ज काढून भाड्याची इमारत बांधतो, आणि १९४१ साली देणी भागवण्यासाठी व पुस्तके घेण्यासाठी तीच इमारत विकूनही टाकतो. राजगृह मात्र विकत नाही. राहण्याचे घर आणि उत्पन्नाचे घर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीत जीव गुंतवावा आणि दुसरीत फक्त पैसा, हे या व्यवहारातून जितके स्वच्छ दिसते तितके कुठल्याही बँकेच्या माहितीपत्रकात दिसणार नाही.

साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या या पानांवर फ्लॅट, हप्ते आणि भाडे यांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मला उलट वाटते. आपल्या समाजातली शिकलेली पहिली पिढी नोकरीला लागली, दुसरी पिढी ओनरशिपच्या घरात राहायला गेली आणि आता तिसरी पिढी, शिक्षक, बँकेतले अधिकारी, अभियंते, परिचारिका, ‘गुंतवणूक म्हणून’ दुसरे घर घेऊ लागली आहे. निवृत्तीच्या वेळी हातात येणारा फंड आणि ग्रॅच्युइटी ही बहुतेकांच्या घराण्यातली पहिलीच एकरकमी रक्कम असते. आजोबांच्या नावावर ना जमीन होती ना दुकान. ही रक्कम बुडाली तर सावरायला मागे काहीच नाही. म्हणून तिचा हिशेब उघडपणे मांडणे अगत्याचे आहे.

आणखी एक कारण आहे, आणि ते हिशेबाच्या वहीत बसत नाही. ज्याला शहरात आल्यावर खोली नाकारली गेली, आडनाव ऐकून ‘कालच दिली हो’ असे ज्याला सांगितले गेले, तो माणूस घर विकत घेताना केवळ भिंती विकत घेत नाही. तो त्या नकाराला उत्तर देत असतो. पहिल्या घराच्या बाबतीत हे उत्तर रास्त आहे. तिथे चार पैसे जास्त गेले तरी बिघडत नाही. पण दुसऱ्या घराच्या बाबतीतही तीच भावना दलालाला नेमकी कळते, आणि तो तिचे पैसे करतो.

माझ्या एका स्नेह्याचे उदाहरण देतो. नवराबायको दोघेही नोकरीत. तो सरकारी कचेरीत, ती महापालिकेच्या शाळेत. कल्याणजवळ ज्या सोसायटीत ते सात वर्षे राहत होते, तिच्याच शेजारच्या विंगमध्ये एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट विकायला निघाला. किंमत ४० लाख. (आकडे जरा गोळाबेरीज करून देतो आहे.) फंडातून काढलेले दहा लाख आणि ३० लाखांचे कर्ज, असा बेत ठरला. घर तिच्या नावे घेतले. खरेदीदार स्त्री असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती सोडू नये. तरी सहा टक्क्यांनी २ लाख ४० हजार आणि नोंदणीचे ३० हजार गेले. म्हणजे घरात पाऊल टाकण्यापूर्वीच ४० लाखांचे घर ४२ लाख ७० हजारांना पडले. दलाली त्याहून वेगळी. ही वरची रक्कम बँक कर्जात धरत नाही, ती खिशातूनच काढावी लागते. शिवाय ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, ही रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे. ‘शंभर टक्के लोन करून देतो’ म्हणणारा माणूस कुठेतरी कागद फिरवणार आहे, एवढे ओळखावे.

आता हप्ता. ३० लाख रुपये, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार येतो. पहिल्या महिन्याच्या या २७ हजारांत व्याज किती आणि मुद्दल किती? व्याज साडेबावीस हजार, मुद्दल अवघे साडेचार हजार. दहा वर्षे नियमाने हप्ते भरले, म्हणजे ३२ लाखांहून अधिक रक्कम बँकेला दिली, की अर्धे कर्ज फिटले असे आपण समजतो. प्रत्यक्षात तेव्हाही २१ लाखांवर मुद्दल शिल्लक असते. वीस वर्षांत एकूण ६४ लाख ७८ हजार जातात. सावकाराचे व्याज आपल्या बापजाद्यांनी भोगले, ते आपण विसरलेलो नाही. बँकेचे व्याज कायदेशीर असते, छापील असते आणि हसतमुखाने दिले जाते, म्हणून त्याची चक्रे कमी वेगाने फिरतात असे नाही. शिवाय हे व्याज स्थिर राहत नाही. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. अशा वेळी बँका बहुधा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत लांबवतात. कर्जदाराला काही जाणवत नाही. निवृत्तीनंतर तीन-चार वर्षे हप्ता चालूच राहणार हे त्याला कधीतरी खात्याचा उतारा काढल्यावर समजते.

आणि भाडे? त्या घराला महिना दहा हजार मिळतात. वर्षाचे एक लाख वीस हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४ हजार, घरपट्टी पाच हजार, एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रिकामा जाणारा सरासरी एक महिना म्हणजे दहा हजार, रंग, नळ, दलाली धरून नऊ हजार. हातात राहिले ७२ हजार. हप्त्याचे वर्षाचे सव्वातीन लाख. म्हणजे दरमहा २१ हजार रुपये पगारातून घालायचे, तेव्हा ते घर ‘उत्पन्न’ देणार! भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढले असे धरले तरी विसाव्या वर्षी ते सव्वापंचवीस हजारांवर पोचते. म्हणजे शेवटच्या वर्षाचे पूर्ण भाडेसुद्धा हप्त्याइतके होत नाही. ‘भाड्यातून हप्ता सुटतो’ हे वाक्य मी किती लग्नांच्या पंगतीत ऐकले आहे! एकानेही कागद-पेन्सिल घेतलेली पाहिली नाही.

कर्ज न काढता निवृत्तीची सगळी रक्कम घातली तर? ४२ लाख ७० हजारांवर ७२ हजार म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आत. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत पावणेतीन लाखांहून जास्त देते, आणि तिथे नळ गळत नाही.

मग लोक घेतात का? किंमत वाढेल या भरवशावर. किंमत वाढतेही, सगळीकडे आणि सदैव नव्हे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. किंमत वाढते ती जमिनीची. इमारत दरवर्षी जुनीच होत जाते. ज्या सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालेले नाही तिथे आपण विकत घेतलेली वस्तू झिजते आहे आणि जी वाढते आहे ती अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावे आहे. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने हे हस्तांतरण बिल्डरवर बंधनकारक केले आहे, तो टाळत असेल तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. तरी कन्व्हेयन्सविना वर्षानुवर्षे बसलेल्या सोसायट्या थोड्या नाहीत. घर बघायला गेल्यावर आपण टाइल्स बघतो, गच्चीवरून दिसणारे दृश्य बघतो. आधी सेक्रेटरीला कन्व्हेयन्सचे विचारावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सातबाऱ्यावर नाव चढू दिले गेले नाही, त्यांनी तरी जमीन कोणाच्या नावे आहे हा प्रश्न विसरू नये.

बांधकाम चालू असलेल्या घराविषयी एवढेच सांगतो की भाड्यासाठी घेणार असाल तर ते घेऊ नका. भाडे ताबा मिळाल्यावर सुरू होते, व्याज कर्जाचा पहिला भाग उचलला त्या दिवसापासून. २०१७ पासून महाराष्ट्रात स्थावर संपदा प्राधिकरण, ज्याला सगळे ‘महारेरा’ म्हणतात, काम करते आहे. प्रकल्पाची नोंदणी, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे, करारापूर्वी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम न घेणे, हे नियम चांगले आहेत. पण प्राधिकरणाने बिल्डरविरुद्ध निकाल देणे आणि पैसे प्रत्यक्ष हाती येणे यांत अंतर असते. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी त्या अंतरात पाच वर्षे काढली.

एवढे असूनही दुसरे घर घेऊच नये असे मी म्हणत नाही. माझी कसोटी साधी आहे. सहा महिने भाडे शून्य धरा. तरीही मुलांच्या फीला आणि गावाकडच्या आईवडिलांच्या औषधाला हात न लावता हप्ता भरता येतो का? कर्ज निवृत्तीच्या आत संपते का? कर्ज किमतीच्या निम्म्याहून कमी आहे का? रुग्णालय, महाविद्यालय, रेल्वे स्टेशन यांच्या पायी अंतरावरचे जुने, ताबा असलेले, कन्व्हेयन्स झालेले लहान घर असेल आणि ही तिन्ही उत्तरे ‘हो’ येत असतील, तर घ्यावे. नाहीतर ते पैसे मुलीच्या उच्च शिक्षणाला ठेवावेत. प्राप्तिकराच्या सवलतीचे गाजर दलाल दाखवतो, त्याचेही थोडे सांगतो. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त झाले तर तो तोटा पगारातून वजा करण्यावर २०१७ पासून दोन लाखांची मर्यादा आहे, आणि नव्या करपद्धतीत तर तो पगारातून वजाच होत नाही. कर वाचवण्यासाठी तोटा विकत घेणे हा व्यवहार मला कधी कळला नाही.

घर घेऊन झाल्यावर ते चालवण्याचा भाग येतो. मालक होण्याची सवय आपल्याला नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जागेत राहिलो. त्यामुळे मालक झाल्यावर काहीजण अति भिडस्त होतात, काहीजण जुन्या मालकांची नक्कल करतात.

जुन्या मालकांचीही एक कथा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरणी कामगाराला, कारकुनाला त्याचे मोठे संरक्षण झाले हे विसरता येत नाही. पण भाडे वाढत नाही म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली, आणि नवी खोली देताना उघड भाड्याऐवजी चोरून पागडी घेऊ लागला. पागडी रोख लागे. ज्याच्या गाठी रोख नाही त्याला शहराच्या मध्यात खोली नाही, तो बी.डी.डी. चाळीच्या १६० चौरस फुटांत पोटभाडेकरू राहिला, नाहीतर झोपडपट्टीत गेला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (तो १९९९ चा म्हणून ओळखला जातो) पागडी कायदेशीर केली, जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली, आणि लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले घर मुदत संपल्यावर परत मिळवण्याचा मालकाचा मार्ग सोपा केला. मुदत संपूनही न जाणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल करता येते. आज आपण जे घर भाड्याने देतो ते बहुधा या लिव्ह अँड लायसन्सवरच.

इथे एक गैरसमज इतका पक्का बसला आहे की तो खोडून काढलाच पाहिजे. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही.’ महाराष्ट्रात हे खोटे आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे वाद झाला तर भाडेकरू कराराच्या अटी जशा सांगेल तशाच, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. नोंदणी घरबसल्या संगणकावरून होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरात नोंदणीचे एक हजार रुपये. (अनामत रकमेवरही थोडे शुल्क बसते.) दोन-तीन हजार वाचवण्यासाठी चाळीस लाखांची वस्तू तोंडी बोलीवर सोडणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

करारात अनामत किती, ती कोणत्या कारणासाठी कापता येईल, वीजबिल कोणी भरायचे, घर सोडण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, पंखे किती, गीझर चालू आहे की नाही, हे सगळे लिहावे. भाडे खात्यावरच घ्यावे. पोलीस ठाण्याला माहिती कळवावी. घर सोडताना भाडेकरूची अनामत त्याच दिवशी परत करावी. आपल्यापैकी प्रत्येकाने ही रक्कम मिळवण्यासाठी कुणा ना कुणा मालकाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

सोसायटीचे म्हणाल तर तिची परवानगी लागत नाही. भाडेकरू ठेवत असल्याचे तिला कळवावे लागते, एवढेच. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. काही सोसायट्या वाटेल तो आकडा लावतात आणि सभासद मुकाट भरतो.

पण सोसायटीची खरी परवानगी कागदावर नसतेच. समितीतला कोणीतरी जिन्यात गाठून विचारतो, ‘कोणाला देताय?’ या दोन शब्दांत सगळे येते.

२०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या नावांनी घरमालकांना आणि दलालांना फोन केले गेले. सवर्ण हिंदू नावाला नकार नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के, मुस्लिम नावाला सुमारे ३१ टक्के सरळ नकार. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास वा वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. कलम आहे. पण ‘आम्ही शाकाहारी कुटुंबालाच देतो’ या वाक्यावर ते लागू करून दाखवणार कोण? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, वंश पाहून घर विकण्यास वा भाड्याने देण्यास नकार देण्याविरुद्ध कायदा झाला. तिथला भेदभाव त्याने संपला नाही. पण नाकारलेल्या माणसाला जायला दरवाजा मिळाला. आपल्याकडे खाजगी घरमालकाच्या जातीय निवडीला रोखणारा असा खास कायदा नाही.

हे सगळे दुसऱ्यांबद्दल झाले. माझ्या त्या स्नेह्याकडे परत येतो. फ्लॅटचा ताबा मिळाला, दलाल आला.

“साहेब, पार्टी कशी पाहिजे?”

“फॅमिली पाहिजे. नोकरदार. मुसलमान नको, समिती कटकट करते. आणि हे बघा, आपल्यातली नको.”

दलाल बौद्धच होता. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आपल्यातली म्हणजे?”

स्नेह्याने मला हे स्वतः सांगितले, लपवले नाही. त्याचे आडनाव गावावरून घेतलेले, त्यावरून काही कळत नाही. सात वर्षे सोसायटीत कोणी त्याला काही विचारले नव्हते. भाडेकरूने आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, चौदा एप्रिलला दारात दिवे लावले, की मालक कोण हे सगळ्या विंगला समजणार, ही त्याची भीती. त्याला दोष देणे सोपे आहे. भीती खोटी नव्हती. पण तिची किंमत कोण मोजत होते? दलालाने आणलेली दोन कुटुंबे त्याने परत पाठवली. समितीला चालतील अशी दोन कुटुंबे आली, त्यांना भाडे जास्त वाटले. घर सहा महिने रिकामे राहिले. सहा हप्ते, एक लाख बासष्ट हजार रुपये, पगारातून गेले.

घर बाईंच्या नावे होते, हे वर आलेच आहे. सातव्या महिन्यात त्यांनी शाळेतून येतायेता दलालाला गाठले आणि आधी परत पाठवलेल्या दोघांपैकी एकीला बोलावून घेतले. नांदेडकडची परिचारिका, सोबत आई आणि धाकटा भाऊ. नवऱ्याने समितीचे काय म्हणून विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, “सही माझी लागणार आहे. समितीला मी कळवते.” करार नोंदवला, सोसायटीला पत्र दिले, त्याची पोच घेतली. समितीतल्या एकाने जिन्यात विचारले तेव्हा बाईंनी पत्राचा जावक क्रमांक सांगितला.

स्नेही अजून त्या घरात गेलेला नाही. भाडे दर पाच तारखेला बाईंच्या खात्यावर जमा होते. गेल्या पावसाळ्यात मोरीच्या भिंतीला ओल आली, ती बाईंनीच जाऊन पाहिली आणि गवंडी लावून दुरुस्त करून घेतली. त्याचे साडेचार हजार झाले.